दोन पेट्यांमधली याडी

सन सदुसष्टच्या उन्हाळ्यात मी बोरी अरबच्या सदाशिवरावांचं जर्मन स्टिरिओ यंत्र कायमचं बिघडवलं. यवतमाळ जिल्ह्यात असं दुसरं यंत्र नव्हतं, असं सदाशिवराव म्हणायचे. मोजायला कोणी गेलं नव्हतं.

तर असं काही झालेलं नाही. यंत्र उत्तम चालू आहे. सदाशिवरावांना विचारा, ते हेच सांगतील. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंना विचारा, त्याही हेच सांगतील आणि वर चहा देतील. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून मी पहिल्यापासून सांगतो.

माझं नाव उत्तमसिंग राठोड. दारव्ह्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे टिनाची टपरी, एक स्टूल आणि सोळा मेलेले रेडिओ. हे काम मी पत्राने शिकवणाऱ्या एका संस्थेकडून शिकलो. एकूण चोवीस धडे होते, त्यातला अकरावा टपालात हरवला. त्यामुळे अकराव्या धड्यातला बिघाड ज्या रेडिओत निघतो, तो मी मालकाला परत करतो आणि त्याचं वय झालं होतं म्हणून सांगतो.

घर आमचं तांड्यावर, बोरी अरबपासून दोन कोस. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. आम्ही कापूस पेरतो आणि एका जागी बसतो. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची भाषा, चालते, पण इथे मी घरचं बोलणंही वऱ्हाडीतच सांगतो, कारण गोरबोलीत याडी मला जे बोलायची ते चार लोकांत सांगण्यासारखं नव्हतं. याडी म्हणजे आई.

बोलायची असं म्हणालो, कारण दोन वर्षं झाली, ती बोलत नाही. मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना आवाज घेऊन गेला. आता गळ्यातून येते ती नुसती हवा. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्यात उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, आता असंच. याडीने मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवते तशी.

आणि ही बिजलीबाई राठोड. ढावलो म्हणणारी अशी बाई आसपासच्या चार तालुक्यांत नव्हती.

मुलगी सासरी निघताना सगळ्यांच्यातच रडतात. आमच्यात ते गाऊन रडायचं असतं. एकेका माणसाच्या गळ्यात पडायचं आणि त्याच्यापुरता ढावलो म्हणायचा. बापाला बापाचा, भावाला भावाचा, तांड्याच्या नायकाला नायकाचा, आणि सगळ्यात शेवटी याडीला याडीचा. तो आपोआप येत नाही. लग्नाआधी महिना-दीड महिना घरातली मोठी बाई मुलीला बसवून शिकवते. ज्या मुलीला ढावलो येत नाही, तिच्याबद्दल सासरी एकच गोष्ट बोलतात, की हिला शिकवायला घरात कोणी नव्हतं. हुंड्यातली भांडी लोक चार वर्षांत विसरतात, हे विसरत नाहीत.

माझ्या बहिणीचं, लालीचं लग्न उमरखेडकडच्या तांड्यावर ठरलं होतं, वैशाखात. मुलाचं नाव अमरसिंग. होळी झाली आणि मानीबाई काकी शिकवायला आली. तिने बापाचा ढावलो शिकवला, भावाचा शिकवला. भावाचा शिकताना लाली माझ्या गळ्यात पडायची आणि मध्येच थांबून म्हणायची, तुह्या अंगाले रेडिओचा वास येते. याडीच्या ढावलोपाशी मात्र ती अडून बसली.

"हा मले याडीचाच पाह्यजे," लाली म्हणाली.

"तिचा आता कुठून आनू बाई," काकी म्हणाली. "माह्यात काय वाईट आहे?"

"वाईट नाई. पन तो तुहा आहे."

"ढावलो काय लुगडं आहे का, माहा-तुहा करायले?"

"मंग मी म्हनतच नाई. तिच्या गळ्यात पडीन अन् गप राहीन. तेही गप, मीही गप."

याडी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी नीट तव्यावर टाकली, उठली, कोपऱ्यातला पिठाचा डबा उचलून आणला आणि त्याचं झाकण काढून माझ्या हातात दिलं.

ते झाकण म्हणजे याडीची रेकॉर्ड होती.

त्याचं असं झालं. सन साठमध्ये यवतमाळला शेतकी प्रदर्शन भरलं होतं. संकरित ज्वारी, विलायती कोंबड्या, आणि एका मांडवात मुंबईच्या कंपनीचा एक माणूस खेड्यापाड्यातली गाणी भरून घेत बसलेला. याडीचं नाव कोणीतरी त्याला सांगितलं. याडी गेली, सोबत बापू, म्हणजे माझे वडील किसनसिंग, आणि मी. तो माणूस म्हणाला, म्हणा. याडी म्हणाली, कोणाच्या गळ्यात पडून म्हणू? ढावलो हवेत म्हणत नाहीत. त्यासाठी गळा लागतो. तो माणूस भला होता, स्वतःचा गळा पुढे केला. पण बापू तिथेच उभे होते आणि त्यांनी चारा कापायचं नवीन यंत्र पाहता पाहता मान वळवली. मग खूप विचार होऊन असं ठरलं की ज्या दांडीवर माईक बसवला आहे, ती दांडी उंचीने माणसाएवढी आहे. याडीने दांडीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, हा कोन? माणूस म्हणाला, हा ऐकणारा. एवढं तिला पुरलं. तिने दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल टेकवला आणि याडीचा ढावलो म्हटला. मांडवातल्या बाया रडल्या. कोंबड्यांच्या मांडवातलाही एक शिपाई येऊन रडून गेला.

पुढच्या वर्षी टपालाने रेकॉर्ड आली. लहान, काळी, मधे मोठं भोक. एका बाजूला याडी, दुसऱ्या बाजूला झरी जामणीच्या कोणा माणसाची बासरी, जी त्याने स्वतः कधी ऐकली असेल असं मला वाटत नाही. आम्हीही नाही ऐकली. लावायला काहीच नव्हतं. दारव्ह्याच्या एका हॉटेलात चावीचा जुना बाजा होता, पण त्याची सुई खिळ्याएवढी. तिने ही नवी नाजूक रेकॉर्ड नांगरून काढली असती. मग ती चकती पिठाच्या डब्यावर बरोबर बसते असं याडीला दिसलं आणि सहा वर्षं ती तिथे बसली. एकदा नायकाने विचारलं होतं, बिजलीबाई, तुझी रेकॉर्ड निघाली म्हणे, कशी चालते? याडी म्हणाली, मुंग्या येतात मधून, बाकी चांगली चालते.

आता ती झाकण माझ्या हातात देऊन उभी होती. आणि लाली माझ्याकडे पाहत होती, जसं लोक घरातल्या एकुलत्या एक मेकॅनिककडे पाहतात.

सदाशिवरावांचा पुतण्या जर्मनीत होता. त्याने येताना ते यंत्र आणलं होतं. मधे रेकॉर्ड फिरवायची चकती आणि दोन बाजूंना दोन लाकडी पेट्या, प्रत्येकीतून वेगळा आवाज. पण दोन आवाजांची रेकॉर्ड त्यांच्याकडे एकच होती, यंत्राबरोबर फुकट आलेली, आणि तिच्यात गाणं नव्हतं. तिच्यात आगगाडी होती. गाडी डाव्या पेटीतून यायची, दिवाणखान्यातून जायची आणि उजव्या पेटीत निघून जायची. पंचक्रोशीतले लोक ती पाहायला येत. पाहायला म्हणतो, कारण सगळे मान फिरवत. पहिल्या रांगेतले पाय वर घेत. आमच्या दारव्ह्याच्या छोट्या गाडीपेक्षा ती वक्तशीर होती आणि तिला गर्दीही कमी असे.

मी रिठ्याचं पाणी केलं, धोतराच्या जुन्या मऊ फडक्याने रेकॉर्ड गोल-गोल धुतली, सावलीत वाळवली. एका दुपारी आम्ही चौघं सदाशिवरावांच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यांचा रेडिओ मी दोनदा दुरुस्त केला होता, त्यात एकदा तर तो चालूही झाला होता. तेवढी ओळख पुरली.

"बिजलीबाईची रेकॉर्ड?" सदाशिवराव म्हणाले. "मंग वऱ्हांड्यात काहून उभे? आत या. ए, सतरंजी टाका."

सुई ठेवली. पहिल्याच फेऱ्यात असा आवाज आला की वच्छलाबाई आतून म्हणाल्या, "कढई कोनी ठेवली?"

दोन्ही पेट्या तळत होत्या. चर्र, तड, चर्र, तड, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि त्या सगळ्या फोडणीच्या मागे, खूप लांब, बंद दाराआड कोणी बोलावं तसा एका बाईचा आवाज. लाली सतरंजीवर पुढे सरकली. आधी तिने डाव्या पेटीला कान लावला, मग उजव्या पेटीला.

"उत्तमभाऊ, याडी कोन्या पेटीत आहे?"

"दोन्हीत आहे."

"मले तं एकीतही दिसून नाई राह्यली."

याडी दारापाशी बसली होती. स्वतःचा आवाज ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती आणि तो असा तळून निघत होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि हाताने खूण केली, बंद कर.

आम्ही घरी परतलो. लग्नाला पाच आठवडे होते.

मी नागपूरच्या दुकानदाराला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुन्या, एका आवाजाच्या रेकॉर्डसाठी वेगळी सुई आणि ती ज्यात बसते ते वेगळं डोकं मिळतं, मुंबईहून मागवावं लागेल, तीन महिने लागतील. किंमतही कळवली होती. माझे सोळाही रेडिओ एकाच दिवशी जिवंत झाले असते तरी ती निघाली नसती. पत्राच्या शेवटी त्याने 'आपला कृपाभिलाषी' लिहिलं होतं, ते मला थोडं लागलं.

टपरीत बसून मी यंत्राचं चित्र काढत होतो. बापू बाजाराला आले होते, येऊन स्टुलावर बसले. मी उभा राहिलो, कारण स्टूल एकच आहे.

"काय बिघडलं त्यात, मले समजाव," बापू म्हणाले.

"बिघडलं नाई काही, बापू. याडीची रेकॉर्ड जुन्या तऱ्हेची आहे. तिच्यात सुई फक्त डावी-उजवी हलते. सगळा आवाज त्यातच आहे. पन ही जर्मन सुई वर-खालीही ऐकते."

"वर-खाली काय आहे?"

"पीठ."

बापूंनी विचार केला. "मंग पीठ कायले ऐकते?"

"तिले वाटते, दुसऱ्या पेटीचा माल त्यातच असन. ते सारख्याच इमानाने दोन्ही ऐकते. याडीलेही अन् पिठालेही."

"दोन्ही पेट्यांत पीठ सारखंच जाते?"

"सारखंच, पन उलटं. एकीत ओढते तवा दुसरीत ढकलते."

"अन् तुही याडी?"

"ते दोन्हीकडे एकाच दिशेने जाते."

बापूंनी विडी शिलगावली. त्यांच्या आजोबांकडे दोनशे बैल होते, असं ते म्हणतात. तेही मोजायला कोणी गेलं नव्हतं.

"मंग दोघाइच्या मानेवर जू ठेव ना," ते म्हणाले. "एका दिशेनं ओढनारे चालतीन. उलटे ओढनारे जागच्या जागी मरतीन. यात जर्मनीचं काय काम?"

मी चित्राकडे पाहिलं. सुईकडून दोन तारा निघत होत्या, डाव्या पेटीची एक, उजव्या पेटीची एक. यंत्रात शिरायच्या आधीच त्यांना एकमेकींशी बांधून टाकलं, तर पिठाची ओढ आणि पिठाचा धक्का एकमेकांना खाऊन टाकतील आणि याडी शिल्लक राहील. चोवीस धड्यांत हे कुठे नव्हतं. निदान तेविसांत तरी नव्हतं.

लागली ती वीतभर वायर. सायकलच्या डायनामोची, वापरलेली, पंचवीस पैशांची. दुकानदार फुकटच देत होता, पण एवढ्या मोठ्या कामाला काहीतरी मोजावं म्हणून मी दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं पुन्हा गेलो आणि सदाशिवरावांनी यंत्राचं मागचं फळकूट काढू दिलं. ते स्वतः खुर्ची घेऊन मागे बसले, ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक बसतात तसे. मी कथलाचा डाग दिला. दोन तारांची एक केली. फळकूट लावलं. सुई ठेवली.

कढई गेली होती. सगळी नाही, तळाला थोडं तेल चुरचुरत होतं. पण त्याच्या पुढे येऊन याडी उभी होती.

उभी होती हे मी उगाच म्हणत नाही. आवाज डाव्या पेटीतून येत नव्हता आणि उजव्या पेटीतूनही येत नव्हता. दोघींच्या बरोबर मधून येत होता, जिथे काहीच नव्हतं. भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर, खाली मोकळी फरशी. त्या मोकळ्या फरशीवरून सात वर्षांपूर्वीची बिजलीबाई दांडीला गाल टेकवून गात होती. शब्दांच्या आधीचा श्वास ऐकू येत होता. मधे एकदा तिने नाक ओढलं, तेही आलं. गेल्या दोन वर्षांत याडीचं एवढं आम्ही काहीच ऐकलं नव्हतं.

वच्छलाबाई आतून कणकेच्या हाताने आल्या आणि दारात थांबल्या.

लाली उठली. तिला सवय होती, काकीने शिकवताना प्रत्येक ढावलोला गळा दिला होता. ती आवाजाच्या दिशेने गेली, दोन पेट्यांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केले. तिथे कॅलेंडर होतं. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली. तिचे हात परत घ्यायचे कसे, हे आम्हा कोणालाच कळेना.

तेव्हा याडी उठली. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, सतरंजीवरून चालत गेली आणि त्या मोकळ्या जागेत, बरोबर मधे, जाऊन उभी राहिली. लालीचे हात तिच्या गळ्यात पडले. याडीने ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज तिचा, ओठ तिचे, फक्त दोघांमधे सात वर्षं होती, आणि तीही हळूहळू जुळली. पहिल्या दोन ओळींना ओठ मागे राहिले, तिसऱ्या ओळीला बरोबर आले.

लाली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मागोमाग म्हणू लागली.

बापू बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवून आले. आम्ही पायी आलो होतो. बैल सदाशिवरावांचे होते.

यानंतर लाली आणि याडी दर दुपारी जाऊ लागल्या. मी एक दिवसाआड जायचो, यंत्राकडे लक्ष ठेवायला. दहाव्या-बाराव्या दिवशी सदाशिवरावांनी मला वऱ्हांड्यात बाजूला घेतलं.

"उत्तम, रविवारी आमचे व्याही येऊन राह्यले अमरावतीहून. त्याइले गाडी दाखवाची आहे. म्या कालच लावून पाह्यली." त्यांनी आवाज खाली आणला. "गाडी जात नाई, बाप्पा."

"जात नाई म्हनजे?"

"मधात येऊन उभी राह्यते. शिट्टी मारते, वाफ सोडते, पन जागची हालत नाई. तुहं ते जू काढ तेवढं."

मी डोकं खाजवलं. मग खरं ते सांगितलं. डाग जिथे दिला होता तिथली जर्मन पट्टी केसाएवढी होती. एकदा सोडवली तर सुटेल. पण पुन्हा जोडायला गेलो तर धरेल असं मला वाटत नव्हतं. बहुतेक अकरावा धडा याच्यावरच असावा.

"म्हनजे एक तं गाडी, नाई तं बिजलीबाई."

"हाव."

सदाशिवरावांनी खिडकीकडे पाहिलं. आत रेकॉर्ड चालू होती. खिडकीतून दिसत होतं, याडी मधल्या जागेत उभी, लाली तिच्या गळ्यात. आता लालीचा आवाज रेकॉर्डच्या पुढे जायचा आणि याडी पाठीवर थोपटून तिला मागे आणायची. सदाशिवरावांचं आयुष्यात ठरलेलं होतं की आपल्याकडे जे आहे ते जिल्ह्यात दुसऱ्याकडे नसावं. अमरावतीच्या व्याह्यांकडे मोटार होती.

"गाडी काय," ते म्हणाले, "दारव्ह्याले रोज दिसते."

रविवारी व्याही आले. मीही होतो, कोपऱ्यात, काही झालं तर धरायला. गाडी लागली. दोन्ही पेट्यांतून एकदम आली, मधे उभी राहिली, धडधडली, शिट्टी मारली आणि मोठी मोठी होत गेली.

व्याह्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "हे गाडी कोनीकडे चालली?"

"हे?" सदाशिवराव म्हणाले. "हे समोरून येऊन राह्यली. आपल्याकडे."

"आपल्या अंगावर?"

"नवी तऱ्हा आहे."

व्याह्यांनी खुर्ची हातभर मागे घेतली आणि गाडी थांबेपर्यंत पाय वर घेऊन बसले. जाताना म्हणाले, असं यंत्र आमच्या अमरावतीत नाही. तेव्हापासून यंत्र उत्तम चालू आहे.

एक गोष्ट राहिली होती. ढावलोच्या शेवटच्या कडव्यात एक ओळ होती. ती मी वऱ्हाडीत अशी सांगतो: याडी, तुह्या चुलीपुढची माही जागा कोनाले देऊ नको. रेकॉर्डवर नेमक्या तिथे एक चरा होता, बहुधा डब्याच्या काठाचा. सुई तिथे अडायची. 'माही जागा' येऊन परत मागच्या रेघेत पडायची. माही जागा, माही जागा, माही जागा. कोणी सुईच्या दांडीला बोट लावेपर्यंत चालायचं. मी नसलो की वच्छलाबाई येऊन लावत, आणि त्या स्वयंपाकघरातून हात धुऊन येईपर्यंत वेळ जायचा.

लाली ते तसंच शिकली. शेवटच्या आठवड्यात एकदा तिला नुसतं, रेकॉर्डशिवाय म्हणायला लावलं. ती 'माही जागा'पाशी आली आणि तिथेच फिरत राहिली. सात वेळा, आठ वेळा.

"पुढं जाय ना," मी म्हणालो.

"जाते. तू बोट नाई लावलं."

"अवं, ते रेकॉर्डीचं आहे. तुह्यात चरा आहे का?"

मी याडीकडे वळलो, म्हणालो, तू सांग हिला, ती ओळ एकदाच आहे. याडीने माझ्याकडे पाहिलं, मग लालीकडे. मग माझा हात धरून खाली केला. ओठांनी, सावकाश, मला वाचता येईल असं म्हणाली, राहू दे. मी दांडीच्या गळ्यात पडून म्हटलं तेव्हा एकदाच म्हटलं होतं. दांडीला तेवढं पुरत होतं.

वैशाखात ठरल्या दिवशी लग्न लागलं, जेवणं झाली. वरात उमरखेडला एस.टी.ने जाणार होती. तांड्याच्या फाट्यावर गाडी दुपारी दोनला येते. ती आली. वऱ्हाडी चढले, अमरसिंग दारात उभा राहिला, टपावर पेटी चढली. लालीने फाट्यावरच्या पळसाखाली बापूचा ढावलो म्हटला, नायकाचा म्हटला, माझा म्हटला. माझ्या अंगाला त्या दिवशी अत्तराचा वास होता, याची तिने दखल घेतली नाही. मग ती याडीच्या गळ्यात पडली.

चार तालुक्यांतल्या ज्यांनी बिजलीबाईला ऐकलं होतं, त्यांनी मान वर केली. लाली गात होती, पण श्वास घ्यायची जागा याडीची होती, नाक ओढायची जागाही याडीची होती. याडीचे ओठ हलत होते. आणि 'माही जागा' आलं, आणि लाली थांबली नाही. माही जागा, माही जागा. ड्रायव्हर उकंडाने इंजिन बंद केलं. प्रवासी खिडक्यांतून पाहत होते. पाठीवर कोणीतरी बोट लावायला हवं होतं. बापू माझ्याकडे पाहत होते. वच्छलाबाई आल्या होत्या, त्याही माझ्याकडे पाहत होत्या. याडीने डोळे मिटले होते. मी हात खिशात घातले.

पंधरा दिवसांनी उकंडाला वरून विचारणा आली की गाडी उशिरा का सुटली. त्याला लिहिणं येत नाही, म्हणून टपरीत येऊन बसला. मी त्याच्यासाठी खालील अर्ज लिहून दिला.

मा. आगार व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी,

विषय: दुपारी दोनच्या उमरखेड गाडीस झालेल्या सतरा मिनिटांच्या विलंबाबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये नम्रपणे खुलासा करण्यात येतो की, सदर विलंब गाडीतील किंवा चालकातील कोणत्याही दोषामुळे झालेला नसून, प्रवासी सौ. लालीबाई अमरसिंग यांची एक ओळ अडकल्यामुळे झालेला आहे. सदर ओळ मोकळी करण्याचा अधिकार फक्त अर्ज लिहिणाऱ्यास होता व त्याने तो वापरला नाही. चालकाने इंजिन बंद ठेवल्याने डिझेलची बचतच झाली आहे.

तरी विनंती की, सदर सतरा मिनिटे विलंब न समजता वेळापत्रकात कायमची दाखल करण्यात यावीत, सदर फाट्यावरून मुलगी सासरी निघाल्यास तिची आई सोडेपर्यंत गाडी सोडू नये असे सर्व चालकांस लेखी आदेश व्हावेत, आणि सौ. लालीबाई यांना त्याच गाडीचे, कोणत्याही दिवशी, कोणतेही कारण न दाखवता परत येण्याचे तिकीट कायमस्वरूपी राखून ठेवण्यात यावे, व ती जागा दुसऱ्या कोणासही देण्यात येऊ नये.

कळावे, ही विनंती.